घड्याळ घ्यावे आपल्या कामाचे
कमी किमतीत टिकाऊ डिजिटल घड्याळ कसे निवडावे?

खिशात मोबाईल असताना मनगटावर घड्याळ कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर गवंड्याला विचारावे, त्याचे दोन्ही हात दिवसभर सिमेंटने भरलेले असतात. गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारावे, तो तेलकट बोटांनी फोनला हात लावू शकत नाही. पहाटे अंधारात ट्रकमधून पेट्या उतरवून घेणाऱ्या फळवाल्याला विचारावे. वेळ पाहण्यासाठी दर खेपेस दहा-पंधरा हजारांचा फोन बाहेर काढायचा, तो हातातून निसटला की काच फुटायची आणि चार दिवसांची कमाई दुरुस्तीत जायची. त्यापेक्षा मनगटाकडे एक नजर टाकली की काम भागते.

म्हणून कष्टाची कामे करणाऱ्यांत आणि फिरत्या व्यापाऱ्यांत डिजिटल घड्याळाला आजही मागणी आहे. पण खरेदी करताना आपले बंधू दोन चुका करतात. काही जण फुटपाथवरून दीडशे-दोनशे रुपयांचे घड्याळ उचलतात आणि चार-सहा महिन्यांनी ते फेकून देतात. काही जण मोठ्या नावाला आणि झगमगाटाला भुलून गरजेपेक्षा तिप्पट पैसे मोजतात. या दोन्ही चुका टाळून घामाच्या पैशाचा पुरता मोबदला कसा मिळवावा, हे सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

आधी साधा हिशेब पाहू. समजा, २०० रुपयांचे घड्याळ ५ महिने चालले. म्हणजे पाच वर्षांत १२ घड्याळे लागली आणि २,४०० रुपये गेले. दुसरीकडे समजा, १,२०० रुपयांचे घड्याळ पाच वर्षे चालले आणि मध्ये एकदा २०० रुपयांचा पट्टा बदलावा लागला. खर्च झाला १,४०० रुपये. म्हणजे स्वस्त वाटलेले घड्याळ हजार रुपयांनी महाग पडले. शिवाय ते ऐन वेळी बंद पडून गाडी चुकली किंवा गिऱ्हाईक गेले, तर तो तोटा वेगळाच. म्हणून घड्याळाची किंमत पाहताना ती त्याच्या आयुष्याने भागून पाहावी.

वेळ तर सगळीच बरोबर दाखवतात

किमतीतला फरक नेमका कशाचा असतो, हे कळण्यासाठी डिजिटल घड्याळ कसे चालते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा बारीकसा तुकडा असतो. सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निम्मी करीत गेलो की बरोबर १ उरतो. घड्याळातली चिप हेच करते आणि सेकंद मोजते. मग तो आकडा पडद्यावर उमटतो.

हा स्फटिक आणि ही चिप आता इतकी स्वस्त झाली आहे की दोनशे रुपयांच्या घड्याळातही तीच युक्ती असते. नेहमीच्या चांगल्या डिजिटल घड्याळात महिन्याला १५ ते ३० सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, असे कंपन्याच सांगतात. म्हणजे वर्षभर हात लावला नाही तरी फार तर सहा मिनिटे. महिन्यातून एकदा मोबाईलशी मिळवून घेतले की प्रश्न मिटला.

हे कायम असे नव्हते. १९७२ साली अमेरिकेत पल्सर नावाचे पहिले डिजिटल मनगटी घड्याळ विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत २,१०० डॉलर होती. त्याची केस १८ कॅरट सोन्याची होती आणि वेळ पाहण्यासाठी दर खेपेस बटण दाबावे लागे, तेव्हा लाल आकडे चमकत. पुढे सतत आकडे दाखवणारा, अत्यंत कमी वीज खाणारा एलसीडी पडदा आला आणि पाहता पाहता हे घड्याळ मजुराच्या मनगटावर आले. आपल्याकडे कोकणातल्या कित्येक घरांत पहिले डिजिटल घड्याळ आखातात नोकरीला गेलेल्या भावाने किंवा चाचांनी सुटीवर येताना आणले होते. जुन्या वाचकांना त्याची ‘टिक टिक’ नव्हे तर ‘पिप पिप’ आठवत असेल.

सांगायचे तात्पर्य, पैसे वेळ दाखवण्यासाठी मोजायचे नाहीत. ते मोजायचे टिकण्यासाठी. आणि घड्याळ मरते ते बहुधा तीन कारणांनी : पाणी, पट्टा आणि सेल. खरेदी करताना या तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट : पाणी

घड्याळाच्या मागच्या झाकणावर किंवा डायलवर पाण्याविषयी काही तरी लिहिलेले असते. बहुतेकांची फसगत येथेच होते. ‘३० मीटर’ लिहिले म्हणजे घड्याळ घालून तीस मीटर खोल डुबकी मारता येते, असे नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. पोहताना हात आपटला किंवा नळाची जोरदार धार पडली की तेवढ्यापुरता दाब एकदम वाढतो. व्यवहारात या खुणांचा अर्थ असा घ्यावा :

नुसते ‘वॉटर रेझिस्ट’ किंवा ‘३० मीटर’ (३ बार) : पावसाचे शिंतोडे, हात धुणे, घाम. यापुढे नाही.

‘५० मीटर’ (५ बार) : धो धो पाऊस, आंघोळ, साधे पोहणे.

‘१०० मीटर’ (१० बार) : नियमित पोहणे, विहीर-नदी-समुद्रावरचे काम.

‘२०० मीटर’ (२० बार) : श्वास रोखून पाण्याखाली जाणाऱ्यालाही पुरते.

आपल्या वाचकांसाठी येथे एक खास मुद्दा आहे. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्याच्या मनगटाला पाणी वारंवार लागते. हात कोपरापर्यंत धुवायचे तर पट्ट्याखालीही पाणी पोचले पाहिजे. म्हणजे घड्याळ सैल करावे लागते किंवा काढावे लागते. अशा वापरात निदान ५० मीटरचे घड्याळ घ्यावे आणि पट्ट्याचे बक्कल चटकन उघडणारे व घट्ट बसणारे असावे. वजूखान्यात घड्याळे विसरतात ती बहुतेक बक्कल लावायचा कंटाळा केल्यामुळेच!

पाणी अडवण्याचे काम मागच्या झाकणाखाली बसवलेली बारीक रबरी रिंग करते. कारागीर तिला वायसर म्हणतात. गरम पाणी, साबण आणि वर्षांचा घाम यांनी ती कडक होते. म्हणून गरम पाण्याच्या आंघोळीत घड्याळ काढून ठेवावे आणि पाण्याखाली बटणे कधीही दाबू नयेत. बटण दाबले की त्याच्या दांडीजवळून पाणी आत शिरू शकते. समुद्रावर काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. वाळलेले मीठ बटणे जाम करते आणि पट्ट्याच्या पिना खाते.

एकदा आम्हीच फुटपाथवरून ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेले एक घड्याळ घेतले होते. पहिल्याच पावसात काचेच्या आत धुके जमले. ओळखीच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून दाखवले, तर आत रबरी रिंग बसवलेलीच नव्हती. झाकणावर अक्षरे मात्र ठळक कोरलेली होती. अक्षरे कोरायला पैसे लागत नाहीत, रिंग बसवायला लागतात, हा धडा आम्ही तेव्हा घेतला.

दुसरी गोष्ट : पट्टा आणि वरची काच

डिजिटल घड्याळात गरगर फिरणारी चाके नसतात. त्यामुळे धक्क्याने आतले यंत्र सहसा बिघडत नाही, पट्टा मात्र तुटतो. रेझिन नावाच्या चिवट प्लास्टिकचा पट्टा हलका असतो, पाण्याला भीत नाही, पण ऊन, घाम आणि तेल यांनी काही वर्षांत ताठ होऊन भोकांजवळ चिरतो. कापडी नायलॉनचा पट्टा मजबूत असतो, पण घाम शोषतो आणि धुवावा लागतो. स्टीलचा पट्टा सर्वांत टिकाऊ, मात्र सर्वांसाठी योग्य नाही. त्याचे कारण पुढे येईल.

घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : हा पट्टा तुटला तर दुसरा मिळेल का? सरळ कडेच्या साध्या पट्ट्याचे माप १८ किंवा २० मिलिमीटर असेल तर गल्लीतल्या दुकानातही पट्टा मिळतो. केसच्या आकाराशी जुळवून घडवलेला खास पट्टा असेल तर तो त्याच कंपनीचा शोधावा लागतो. पट्टा न मिळाल्याने चालू घड्याळ कपाटात पडून राहते, असे पुष्कळदा घडते.

काचेचेही दोन प्रकार समजून घ्या. अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकची काच. तिच्यावर ओरखडे पडतात, पण ती सहजी फुटत नाही. हलके ओरखडे बारीक पॉलिशने घासून जातात. मिनरल काच कडक असते, तिच्यावर ओरखडे कमी पडतात, पण कोपऱ्यावर जोराचा मार बसला तर ती तडकते. कोणतीही असो, काच केसच्या कडेपेक्षा किंचित आत बसवलेली असावी. घड्याळ टेबलावर पालथे ठेवून पाहा. काच टेबलाला टेकली नाही तर घडण चांगली समजावी.

पडद्याचाही विचार करा. फिक्या पडद्यावर काळे आकडे असलेले घड्याळ उन्हात जास्त स्पष्ट दिसते, कारण एलसीडी पडदा बाहेरचाच प्रकाश परतवतो. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे दुकानात रुबाबदार दिसतात, पण सावलीत आणि संध्याकाळी डोळे ताणावे लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी ते टाळावे. विकत घेण्यापूर्वी घड्याळ दुकानाबाहेर नेऊन एकदा उन्हात आणि एकदा आडोशाला पाहावे. स्कूटरच्या डिकीत किंवा ट्रकच्या काचेमागे घड्याळ ठेवू नये. फार तापले की एलसीडी काळा पडतो.

तिसरी गोष्ट : सेल

सेलवरचा नंबर हा नुसता नंबर नसून ते माप आहे. ‘सीआर २०१६’ म्हणजे लिथियमचा, २० मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड सेल. ‘सीआर २०२५’ तितकाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड, म्हणून त्यात वीज अधिक मावते. ‘एलआर’ने सुरू होणारे सेल अल्कलाईन जातीचे. ते स्वस्त असतात, पण लवकर संपतात आणि संपल्यावर तसेच आत राहिले तर पाझरून यंत्र खराब करतात. अगदी स्वस्त घड्याळांत बहुधा हेच असतात. म्हणून घड्याळात कोणता सेल आहे हे विचारून घ्यावे आणि लिथियम सेलवालेच पसंत करावे.

कंपनीने सेल ७ किंवा १० वर्षे चालेल असे सांगितले असेल, तर तो हिशेब ठरावीक वापराचा असतो. दिवसातून एखादा गजर आणि एखादे वेळी लाईट, इतकाच वापर त्यात धरलेला असतो. रात्रपाळीत शंभर वेळा लाईट लावणाऱ्याचा सेल लवकर संपणारच. यात घड्याळाचा दोष नाही.

एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. हे गोल सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने २० मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते आणि जीवावर बेतते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता मुलाला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे. जुने सेल दुकानातल्या गल्ल्यात किंवा खिडकीत पडू देऊ नका.

धंदा तसे घड्याळ

आता प्रत्येकाने आपल्या कामाकडे पाहून निवड करावी.

वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मोटार वाइंडर : यांनी स्टीलचा पट्टा आणि धातूची केस वापरू नये. विजेच्या किंवा बॅटरीच्या दोन टोकांना तो टेकला तर क्षणात लाल होतो आणि मनगट भाजते. रेझिनचे घड्याळच ठीक. चुंबकाची भीतीही डिजिटल घड्याळाला फारशी नाही. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळात काटे फिरवणारी चिमुकली मोटार असते, ती चुंबकाजवळ अडखळते. डिजिटलमध्ये ती नसतेच.

लेथ, ड्रिल, करवत, लूम चालवणारे : फिरत्या यंत्रावर हात असताना मनगटावर काहीच नसावे. घड्याळ असो की ताईत, यंत्राने पट्टा पकडला की हातही ओढला जातो. यांनी घड्याळ समोर खिळ्याला अडकवावे किंवा खिशात ठेवावे. हरवलेल्या वेळेची भरपाई होते, बोटाची होत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात पिप पिप ऐकू येत नाही. तेथे खिशात ठेवल्यावर थरथरून सूचना देणारे घड्याळ उपयोगी पडते.

रंगारी, पॉलिशवाले, छपाईवाले : थिनर, पेट्रोल आणि रसायने रेझिनचा पट्टा व अॅक्रिलिकची काच खातात. डाग थिनरने पुसू नका. ओल्या फडक्याला किंचित साबण लावून पुसा.

मच्छीमार, भिस्ती, गाडी धुणारे, शेतकरी : १०० मीटरपेक्षा कमी घेऊ नये.

फिरते व्यापारी, ड्रायव्हर, सफर करणारे : चोवीस तासांची वेळ दाखवणारे घड्याळ घ्यावे. रेल्वेचे वेळापत्रक त्याच पद्धतीने असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही. आखातात माल पाठवणाऱ्यांना दोन ठिकाणची वेळ दाखवणारे घड्याळ सोयीचे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि सौदी अरब अडीच तास, हे मनात मोजत बसावे लागत नाही.

सहरीला उठणारे आणि फजरला दुकान उघडणारे : पाच वेगवेगळे गजर लावता येणारी घड्याळे मिळतात. पण नमाजच्या वेळा दिवसागणिक सरकतात, त्यामुळे गजर अधूनमधून पुढेमागे करावा लागतो. मनगटी घड्याळाचा गजर हळू असतो. गाढ झोपणाऱ्याने सहरीसाठी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

काही परिचित मॉडेले

आम्ही कोणाची जाहिरात करीत नाही. पण उदाहरण दिल्याशिवाय अंदाज येत नाही, म्हणून बाजारात वर्षानुवर्षे टिकलेली काही मॉडेले सांगतो. किमती बदलत राहतात, म्हणून त्या दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्याव्यात.

कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ साली आलेले घड्याळ जवळपास त्याच रूपात आजही मिळते. वजन फक्त २१ ग्रॅम, सीआर २०१६ सेल, आयुष्य सुमारे ७ वर्षे. रोजच्या साध्या वापरासाठी याच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे घड्याळ क्वचितच मिळेल. पण त्यावर नुसते ‘वॉटर रेझिस्ट’ आहे, लाईट मंद आहे, आणि फेब्रुवारी ते नेहमी २८ दिवसांचाच धरते. लीप वर्षात तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. दुकानदार, शिक्षक, शिंपी यांना ते पुरते. गवंड्याला किंवा मच्छीमाराला पुरणार नाही.

त्यावरच्या पायरीवर याच कंपनीची डब्ल्यू-८००एच आणि एई-१२००डब्ल्यूएच ही मॉडेले आहेत. दोन्ही १०० मीटरची, सेलचे आयुष्य सुमारे १० वर्षे. पहिल्यात दोन ठिकाणची वेळ मिळते, दुसऱ्यात जगातल्या शहरांच्या वेळा आणि पाच गजर. डब्ल्यू-७३५एच मध्ये वर सांगितलेली थरथरणारी सूचना आहे. आमच्या मते उघड्यावर काम करणाऱ्या बहुसंख्य कारागिरांची गरज या पायरीवरच भागते.

सर्वांत वरची पायरी जी-शॉकची. तिची हकिगत बोधप्रद आहे. कॅसिओचे अभियंता किकुओ इबे यांना वडिलांनी दिलेले घड्याळ खाली पडून फुटले. पडून न फुटणारे घड्याळ बनवायचे, असे त्यांनी ठरवले. लक्ष्य होते १० मीटरवरून पडणे, १० बार दाब आणि १० वर्षांचा सेल. सुमारे २०० नमुने करून फोडल्यावर १९८३ साली पहिले जी-शॉक आले. त्यातली युक्ती अशी की यंत्र केसमध्ये घट्ट न आवळता थोड्याच ठिकाणी टेकवून जवळपास तरंगते ठेवले आहे, त्यामुळे बाहेरचा धक्का आत पोचत नाही. या घराण्यातले चौकोनी डीडब्ल्यू-५६०० हे मॉडेल २०० मीटरचे असते. मात्र किंमत एफ-९१डब्ल्यूच्या कित्येक पट. खडी फोडणारा, ट्रकवर माल चढवणारा, डोंगर चढणारा यांनी ते घेतले तर पैसे वसूल होतील. गल्ल्यावर बसणाऱ्याने केवळ रुबाबासाठी घेऊ नये.

टायमेक्स आणि टायटन समूहाचे सोनाटा यांचीही डिजिटल घड्याळे आपल्या बाजारात आहेत. त्यांनाही याच तीन कसोट्या लावाव्यात. पूर्वी सरकारी एचएमटीच्या घड्याळावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. तिचा घड्याळांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. आता विश्वास तपासूनच ठेवावा लागतो. स्वस्त स्मार्ट घड्याळाचा मोह होत असेल तर ते वारंवार चार्ज करावे लागते, हे लक्षात ठेवावे. ज्याच्या कामाच्या जागी विजेचा भरवसा नाही, त्याला ते ओझेच होईल.

नकली माल कसा ओळखावा?

चांगल्या नावाची नक्कल होतेच. काही साधे उपाय करावेत. झाकणावर मॉडेलचे नाव आणि आतल्या यंत्राचा नंबर कोरलेला असतो, तो खोक्यावरच्या माहितीशी जुळतो का पाहा. एफ-९१डब्ल्यूचा यंत्र नंबर ५९३ आहे. त्याचे उजवीकडचे बटण तीन-चार सेकंद दाबून धरले की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते. न उमटले तर माल नकली समजावा. उमटले तरी खात्री पूर्ण होत नाही, कारण नक्कल करणारेही हुशार झाले आहेत. खरी खात्री पक्क्या बिलात आणि वॉरंटी कार्डावरच्या शिक्क्यात आहे.

खोक्यावर उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांनुसार आवश्यक आहे. हे नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार? फसवणूक झाल्यास बिल हाती ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.

दुकानदार आणि कारागीर बंधूंसाठी

आपले कित्येक बंधू घड्याळांची विक्री आणि दुरुस्ती करतात. त्यांना दोन शब्द.

नकली नावाचा माल ठेवणे म्हणजे थोड्या नफ्यासाठी मोठे संकट ओढवून घेणे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ‘आम्ही बनवला नाही, फक्त विकला’ एवढे म्हणून सुटका होत नाही. बिलाशिवाय माल घेऊच नये. स्वस्त पण बिननावाचा माल विकायचा तर खुशाल विकावा. गिऱ्हाईकाला मात्र स्पष्ट सांगावे की हे पाण्यात चालणार नाही. मालाचे वैगुण्य सांगून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते.

दुरुस्ती करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवा सेल घातल्यावर काही डिजिटल घड्याळे कोरीच राहतात किंवा भलतेच आकडे दाखवतात. घड्याळ मेले असे समजून गिऱ्हाईक ते टाकून देते. पुष्कळ कॅसिओ यंत्रांत सेलजवळ इंग्रजीत ‘एसी’ असे लिहिलेला एक बिंदू असतो. तो आणि सेलची वरची बाजू चिमट्याने क्षणभर जोडली की यंत्र नव्याने सुरू होते. तसेच झाकण लावताना रबरी रिंग वाकडी बसली किंवा तिच्यावर कचरा राहिला तर पाण्याचा बंदोबस्त संपला. रिंग स्वच्छ पुसून, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात देऊन बसवावी. ती ताठ झाली असेल तर बदलावी आणि त्याचे वेगळे पैसे मागावेत. गिऱ्हाईक देते, फक्त त्याला कारण सांगावे लागते.

शेवटी

घड्याळ घ्यायला निघण्यापूर्वी घरीच चार प्रश्नांची उत्तरे ठरवा. माझ्या कामात पाणी किती लागते? पट्टा कशाने खराब होईल? सेल कोणता आणि तो गावात मिळतो का? बिघडले तर कोणाकडे न्यायचे? ही उत्तरे हाती असली की दुकानातला झगमगाट डोळ्यांवर येत नाही आणि दुकानदाराला योग्य माल दाखवावा लागतो.

घड्याळ वर्षानुवर्षे निमूट चालावे, मालकाला त्याची आठवण फक्त वेळ पाहताना यावी. असे घड्याळ महाग असलेच पाहिजे असे नाही, पण ते आपल्या कामाचे मात्र असलेच पाहिजे. कष्टाने मिळवलेला पैसा आहे, तो दर पावसाळ्यात नव्या घड्याळावर घालवू नका.